उघडून पुन्हा जोडलेलं चावीचं घड्याळ चालत नाही? दोष शोधायचा क्रम

चावीचं घड्याळ पहिल्यांदा उघडणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा असंच घडतं. मशीन सुटं होतं, धुतलं जातं, सगळे भाग पुन्हा जागेवरही बसतात. चावी दिली की मात्र बॅलन्स, म्हणजे मागेपुढे डुलणारं चाक, चार हेलकावे घेतो आणि थांबतो, नाहीतर हलतच नाही. घड्याळाचं खरं नुकसान होतं ते यानंतरच्या अर्ध्या तासात. स्क्रू आणखी थोडा आवळून बघितला जातो, बॅलन्सला चिमट्याने ढोसलं जातं, कुठेतरी तेलाचा एक थेंब सोडला जातो. मूळची चूक सहज निस्तरण्याजोगी असते, पण या खटपटीत बॅलन्सच्या आसाचं टोक मोडतं किंवा त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग, हेअरस्प्रिंग, कायमची वाकते.

दोष शोधायचा रस्ता एकच आहे. ताकद ज्या वाटेने जाते त्याच वाटेने चालायचं: कमान (ताकद साठवणारी मुख्य स्प्रिंग), बॅरल (कमानीचा दातेरी डबा), चाकं (त्यातलं शेवटचं एस्केप व्हील), पॅलेट (एस्केप व्हीलचा एकेक दात सोडणारा काटा), बॅलन्स. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्यापासून तोडून एकटा तपासायचा. तो पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही आणि दोष सापडल्याशिवाय काहीही वाकवायचं किंवा फिरवायचं नाही.

इथे उदाहरणाला एचएमटीचं ०२३१ हे हाताने चावी द्यायचं मशीन घेतलं आहे. जनता, पायलट अशा घड्याळांत ते भेटतं. १७ खडे (आसांची टोकं ज्यांत फिरतात ते), तासाला १८,००० ठोके, आणि पॅराशॉक, म्हणजे धक्क्यापासून बॅलन्सचं टोक वाचवणारी स्प्रिंगची बैठक. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात शिकाऊ माणूस पहिलं घड्याळ उचलतो ते बहुतेक वेळा एचएमटीच असतं, आणि ते योग्यही आहे. मशीन मजबूत आहे, आत मोकळी जागा आहे, सुटे भाग दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढता येतात. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला सुरू झालेला हा घड्याळ-उद्योग बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, त्यामुळे कारखान्यातून नवा भाग आता येत नाही. म्हणून हातातला भाग जपायचा. खाली दिलेल्या चाचण्या बहुतेक सगळ्या लीव्हर मशीनना, म्हणजे पॅलेटवर चालणाऱ्या मशीनना, लागू पडतात, स्विस असो की जपानी.

आधी कमान उतरवा

मशीन चालत नाही याचा अर्थ त्यात ताकद नाही असा नव्हे. उलट, अडकलेल्या मशीनमध्ये कमान भरलेलीच असते. अशा वेळी पॅलेटचा ब्रिज, म्हणजे त्याचं वरचं टोक धरणारी पट्टी, सैल केला की पॅलेट बाजूला होतो, साखळीतली सगळी चाकं सुसाट सुटतात आणि एस्केप व्हीलचं केसाएवढं टोक किंवा एखादा दात जातो. शिकाऊ हातून होणाऱ्या चुकांत ही सगळ्यात महागाची.

चावी अंगठा आणि तर्जनीत घट्ट धरा. किंचित चावी द्या, म्हणजे क्लिकवरचा (कमानीला उलटं फिरू न देणारा खटका) भार उतरतो. आता लाकडी काडीच्या टोकाने क्लिक रॅचेट व्हीलपासून (बॅरलवरचं दातेरी चाक) बाजूला धरा आणि चावी बोटांमधून हळूहळू उलटी घसरू द्या. एकदम सोडू नका. स्टेम (चावीचा दांडा) आधीच बाहेर आली असेल तर रॅचेट व्हीलच्या स्क्रूमध्ये नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर रोवून त्यानेच चाक धरून ठेवा, क्लिक बाजूला करा आणि ड्रायव्हर हातात थोडा थोडा फिरू द्या. रॅचेट व्हील सैल पडलं, मागेपुढे सहज हलू लागलं, की कमान उतरली.

हत्यारं फार लागत नाहीत, पण जी लागतात ती धड हवीत. ०.८, १.०, १.२ आणि १.६ मिलिमीटरचे स्क्रू ड्रायव्हर, पाती खाचेच्या रुंदीला आणि जाडीला बरोबर बसणारी. ३ आणि ५ नंबरचा चिमटा. ५ पट आणि १० पट भिंग, घड्याळजींच्या भाषेत आयग्लास. हवेचा रबरी फुगा, लाकडी काड्या, रोडिको (घाण उचलणारी चिकट पुट्टी), मशीन धरायचा होल्डर. सोबत मोबाईलचा कॅमेरा. दोष शोधताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, कारण कुठला स्क्रू कुठला होता हा प्रश्न थोड्या वेळात येणारच आहे.

स्क्रूंवरूनच सुरुवात करा. एका मशीनमध्ये तीन-चार लांबीचे स्क्रू असतात आणि त्यांची डोकी सारखीच दिसतात. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला की तो प्लेटच्या पलीकडे निघतो आणि डायलच्या बाजूला चाकाला किंवा लीव्हरला टेकतो. स्क्रू पूर्ण आवळल्यावरच घड्याळ थांबत असेल आणि अर्धा फेरा सैल केला की चालू लागत असेल, तर पहिला संशय यावर घ्या. दुसरा संशय त्या ब्रिजखालच्या चाकाच्या वरखाली खेळावर.

कमान आणि बॅरल

चावी फिरत राहते आणि कधीच घट्ट होत नाही, असं असेल तर तीन गोष्टी बघा. कमानीचं आतलं टोक बॅरलच्या आसाच्या आकड्यात अडकलेलं नाही, बाहेरचं टोक बॅरलच्या भिंतीला धरत नाही, किंवा कमान तुटली आहे. हाताने गुंडाळून बसवलेल्या कमानीत पहिली चूक हमखास असते. आतला वेढा आसाभोवती घट्ट बसायला हवा. तो मोठा राहिला असेल तर चिमट्याने अगदी थोडा आत घ्यावा लागतो. कमान उलट्या दिशेने भरली गेली असेल तरही आकडा पकडत नाही. बॅरल बसवल्यावर आस चावी देताना कुठल्या दिशेने फिरतो ते पाहून दिशा ताडून घ्या.

कमान हाताने भरली की ती थोडी शंकूसारखी वर उचलली जाते आणि झाकणाला घासते. अशी कमान ताकद कमी देते, घड्याळ चालतं पण अंगात जोर नसतो. शक्य असेल तर कमान वाइंडरनेच, म्हणजे ती गुंडाळून भरायच्या हत्यारानेच, भरा. झाकण बसवताना ते सगळीकडून टक्क आवाज करून बसलं पाहिजे. एका बाजूने केसभर वर राहिलं तर बॅरल ब्रिजला घासतो. बॅरल बाजूने पाहा आणि फिरवा, तो डगमगता दिसला की झाकण पुन्हा दाबा.

चावी दिली की लगेच उलटी फिरून जाते? क्लिक धरत नाही. क्लिकची स्प्रिंग बहुतेक उडून गेलेली असते, नाहीतर ती क्लिकच्या चुकीच्या बाजूला बसलेली असते. आणि क्राऊन व्हीलचा (चावीचा फेरा रॅचेट व्हीलपर्यंत नेणारं चाक) स्क्रू उघडताना एक लक्षात असू द्या: अनेक मशीनमध्ये त्याचे आटे उलटे असतात. डोक्यावर तीन खाचा दिसल्या तर तो उलटाच समजा. नेहमीच्या दिशेने जोर लावून तो तोडणं ही जुनी, पुन्हा पुन्हा होणारी चूक आहे.

चाकांची चाचणी, पॅलेटशिवाय

बॅलन्स काढा. मग पॅलेट काढा. आता मशीनमध्ये बॅरलपासून एस्केप व्हीलपर्यंतचीच साखळी उरली. रॅचेट व्हील दोन-तीन दातच पुढे सरकवा, जास्त नको. चाकं सरसर फिरली पाहिजेत. ती थांबतानाचा क्षण भिंगातून बघा: साखळी मोकळी असेल तर एस्केप व्हील शेवटी किंचित उलटं वळतं आणि मग थांबतं. ही उलटी झुळूक दिसली की साखळी पास. चाकं अडखळत फिरली, किंवा ठोकल्यासारखी एकदम थांबली, तर दोष याच टप्प्यात आहे आणि बॅलन्सला बोल लावण्यात अर्थ नाही.

मग एकेक चाक चिमट्याने वर उचलून सोडा. प्रत्येकाला वरखाली थोडा खेळ हवा, साधारण ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर. हा आकडा मोजायचा नाही, नजरेने आणि चिमट्याच्या स्पर्शाने ओळखायचा. चाक उचललं की हलकेच वर जातं आणि स्वतःच्या वजनाने खाली येतं. जे चाक हलतच नाही ते ब्रिजखाली दाबलं गेलंय.

नवशिक्यांचं घोडं बहुतेक वेळा चाकांवरच्या या ब्रिजपाशी अडतं. तीन-चार चाकांची टोकं एकाच वेळी आपापल्या खड्यात जायला हवीत. त्यातलं एक बाहेर राहिलं आणि वरून स्क्रू आवळला, तर टोक वाकतं, तुटतं किंवा खडाच तडकतो. बरोबर पद्धत अशी: ब्रिज अलगद ठेवा, बोटाचं नव्हे तर लाकडी काडीचं वजन द्या, आणि बाजूने बघत एकेक आस चिमट्याने खड्याखाली सरकवा. सगळी टोकं बसली की ब्रिज आपोआप प्लेटला टेकतो. टेकला नाही तर स्क्रूने टेकवू नका. स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळा आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर बॅरलचे दात चिमट्याने हलकेच ढकलून बघा. एस्केप व्हील हललं पाहिजे. हललं नाही तर शेवटचा पाव फेरा मागे.

टोक वाकलंय का ते ओळखायला चाक चिमट्यात धरून फिरवा. सरळ आसाचं टोक जागेवरच फिरतं, वाकलेलं टोक छोटं वर्तुळ काढतं. तडकलेला खडा तिरक्या उजेडात दिसतो, बारीक पांढरी रेघ. तडकलेल्या खड्यावर कितीही तेल घाला, घड्याळ स्थिर चालणार नाही. काटे काढताना सेकंदकाटा तिरका खेचला गेला असेल तर मधल्या सेकंदाच्या मशीनमध्ये त्याचा लांब आस वाकलेला असू शकतो. तोही याच पद्धतीने पाहा.

घड्याळ चालत असेल पण ठराविक अंतराने दम खात असेल, तर घड्याळाला घड्याळ लावून बघा. एस्केप व्हीलला साधारण १५ दात असतात आणि प्रत्येक दात दोन ठोके देतो, म्हणजे एका फेऱ्यात ३० ठोके. तासाला १८,००० म्हणजे सेकंदाला ५, म्हणून हे चाक ६ सेकंदांत एक फेरा घेतं. दर ६ सेकंदांनी तीच अडखळ येत असेल तर एस्केप व्हीलचा एखादा दात तपासा. दर मिनिटाला येत असेल तर चौथं चाक, म्हणजे सेकंदाचं. घड्याळ दर तासाला त्याच मिनिटावर थांबत असेल तर सेंटर व्हील (तासाला एक फेरा घेणारं मधलं चाक), कॅनन पिनियन (त्याच्या आसावर बसणारी, मिनिटकाटा धरणारी नळी) किंवा काट्यांची टक्कर. दोषी चाक मशीन न उघडता सांगणारी ही हिशेबाची पद्धत फार कमी जण वापरतात. दातांत बहुधा धुण्याच्या ब्रशचा केस, सुकलेल्या तेलाचा कण किंवा रोडिकोचा तुकडा निघतो. लाकडी काडीला धार काढून प्रत्येक दाताची खाच साफ करा.

पॅलेट

साखळी पास झाली की कमान पुन्हा पूर्ण उतरवून पॅलेट बसवा. त्याचा ब्रिज बसवतानाही तेच नियम: पॅलेटचा काटा चिमट्याने डावीकडे-उजवीकडे मोकळा हलतोय याची खात्री करत स्क्रू आवळायचा.

आता रॅचेट व्हीलला चार-पाच दात चावी द्या. बॅलन्स अजून बसवायचा नाही. पॅलेटच्या काट्याला तेलाच्या काडीच्या कोरड्या टोकाने एका भिंतीकडून (काट्याला अडवणारी कड) दुसरीकडे ढकला. अर्ध्या वाटेपर्यंत तुम्ही ढकलाल, तिथून पुढे तो स्वतःच्या जोराने टक्कन पलीकडे गेला पाहिजे. दोन्ही बाजूंना, निदान पंधरा वेळा करून पाहा, म्हणजे एस्केप व्हीलचा प्रत्येक दात तपासला जातो. मग काटा भिंतीपासून अगदी थोडा दूर करून सोडा. तो स्वतःहून भिंतीकडे परतायला हवा. परतत नसेल तर पॅलेटच्या हातांवरचे खडे घाण किंवा चिकट आहेत, किंवा सरकले आहेत.

खडे सरकण्यामागे बऱ्याचदा धुण्याची चूक असते. पॅलेटचे दोन्ही खडे आणि बॅलन्सखालची रोलरची पिन जुन्या घड्याळांत लाखेने, म्हणजे शेलॅकने चिकटवलेल्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बाकी सगळे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालायला हरकत नाही, पण पॅलेट आणि बॅलन्स त्यात भिजत ठेवले तर खडे ढिले होतात. या दोघांना लायटरचं फ्लुइड, म्हणजे नाफ्था. एक-दोन मिनिटं, खिडकी उघडी ठेवून, जवळ ज्योत नको. खडा खरोखर सरकलेला दिसला तर घरी तो जागेवर लावायचा प्रयत्न करू नका. त्याची खोली मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात बसवावी लागते. चालू पॅलेट दुसऱ्या ०२३१ मधून घ्या.

पॅलेटच्या आसाच्या टोकांना तेल लावायचं नाही. शिकाऊ माणूस सगळ्या खड्यांना तेल लागतं असं समजून इथेही एक थेंब सोडतो. पॅलेट सेकंदाला पाच वेळा इकडून तिकडे झेपावतो आणि तेलाचा चिकटपणा त्याचा वेग खातो. लागलंच असेल तर पॅलेट आणि त्याचा ब्रिज काढा, नाफ्थात धुवा, दोन्ही बाजूचे आसाचे खडे काडीने पुसा.

बॅलन्स आणि हेअरस्प्रिंग

बॅलन्स आधी पॅलेटशिवाय एकटा तपासा. कमान उतरवून पॅलेट काढा, बॅलन्स ब्रिजसकट बसवा आणि फुग्याने हलकी फुंकर द्या. निरोगी बॅलन्स बराच वेळ डुलतो आणि हेलकावा अगदी हळूहळू लहान होत जातो. अर्धं मिनिट सहज जायला हवं. मशीन पालथं करून तेच बघा. एका बाजूला छान डुलतो आणि पालथा केला की लगेच मरतो, तर त्या बाजूचं टोक चपटं झालंय, मोडलंय किंवा तिथल्या खड्यात घाण आहे. दोन्हीकडे चटकन थांबत असेल तर हेअरस्प्रिंग कुठेतरी घासतेय.

हेअरस्प्रिंग दोन बाजूंनी पाहायची. वरून: वेढ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं, केंद्र बरोबर मधोमध. बाजूने, डोळा मशीनच्या पातळीला आणून: पूर्ण सपाट, कुठेही बशीसारखी खोल नाही, बॅलन्सच्या दांड्याला किंवा ब्रिजला टेकलेली नाही. दोन-तीन वेढे एकमेकांना चिकटलेले दिसले तर ती वाकली असं लगेच समजू नका. आधी चुंबकत्व आणि तेल ही दोन साधी कारणं तपासा. छोटं होकायंत्र मशीनवर धरा; सुई बॅलन्सच्या तालावर थरथरली तर स्प्रिंग चुंबकित आहे. डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढायचं यंत्र) मशीन ठेवा, बटण दाबा, दाबलेलंच ठेवून मशीन सरळ रेषेत हातभर दूर न्या आणि मग बटण सोडा. जवळ असताना बटण सोडलं तर चुंबकत्व आणखी वाढतं. यानेही वेढे सुटले नाहीत तर बॅलन्स नाफ्थात बुडवून काढा आणि फुग्याने वाळवा. टिश्यू पेपर लावू नका, त्याचे धागे वेढ्यांत अडकतात.

चिकटलेल्या किंवा गुंतलेल्या वेढ्यांमुळे स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ पळतं. घड्याळ तासाला काही मिनिटं पुढे जात असेल तर रेग्युलेटरचा, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा, काटा हलवून ते ठीक होणार नाही. कारण याच तीनपैकी एक: चुंबकत्व, तेल, किंवा बॅलन्स बसवताना बाहेरून दुसरा वेढा रेग्युलेटरच्या पिनांमागे अडकलाय. तिसरं भिंगातून लगेच दिसतं. पिनांच्या मध्ये फक्त सगळ्यात बाहेरचा वेढा हवा. अडकलेला वेढा अगदी बारीक सुईने खालून उचलून मोकळा होतो.

स्प्रिंग खरंच वाकली असेल तर वाक जिथे सुरू होतो तिथेच उपाय करायचा, पुढच्या वेढ्यांना हात लावायचा नाही. दोन ५ नंबरच्या चिमट्यांनी, एकाने वाकाच्या अलीकडे धरून, दुसऱ्याने अगदी थोडं उलट दिशेला. एका वेळी एकच दुरुस्ती आणि मग पाहायचं. दोन-तीन प्रयत्नांत सुधारणा दिसली नाही तर थांबा आणि पूर्ण बॅलन्स बदला. हे कौशल्य निकामी बॅलन्सवर शिकायचं असतं, चालवायच्या घड्याळावर नाही.

आता बसवणं. पॅलेट परत लावलेला आहे, चार-पाच दातांची चावी दिलेली आहे, पॅलेटचा काटा एका भिंतीला टेकून आहे. बॅलन्स ब्रिजला हेअरस्प्रिंगने लटकलेला असतो. असाच तो खाली आणा, पण क्षणभरच लटकू द्या, नाहीतर वजनाने स्प्रिंग ताणली जाते. बॅलन्सखालची पिन पॅलेटच्या काट्याच्या उघड्या बाजूने त्याच्या खाचेत आली पाहिजे. खालचं टोक खड्यात घाला, मग ब्रिज फिरवत त्याच्या दोन खुंट्यांवर आणा, शेवटी वरचं टोक. ब्रिज जागेवर आला की स्क्रू लावण्याआधीच बॅलन्स चालू व्हायला हवा. चालू झाला, मगच स्क्रू. बॅलन्स डुलतोय हे बघत बघत आवळायचा. डुलणं मंदावलं की त्याच क्षणी सैल करायचं, कारण टोक खड्याबाहेर आहे आणि पुढच्या पाव फेऱ्यात ते मोडणार आहे.

पिन काट्याच्या चुकीच्या बाजूला गेली तर लक्षण ठरलेलं असतं: बॅलन्स एका दिशेला अडकून बसतो आणि हेअरस्प्रिंग ताणलेली दिसते, किंवा तो थोडा हलून टक्कन आपटतो. जोराने फिरवू नका. बॅलन्स वर उचला, पॅलेटचा काटा दुसऱ्या भिंतीकडे ढकला, पुन्हा बसवा. एवढ्यानेच काम होतं. काहीच बिघडलेलं नसताना घड्याळ फेकून दिलं जातं ते बऱ्याचदा या एका गोष्टीसाठी.

पॅराशॉकची स्प्रिंग काढताना मशीन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून हाताळा. ती उडाली तरी पिशवीतच राहते. आतला खडा उलटा बसवू नका. सपाट खड्याची सपाट बाजू भोकाच्या खड्याकडे.

तेल किती

बहुतेक ठिकाणी चूक जास्त तेलाची असते. मोबियस कंपनीचं ९०१० पातळ तेल बॅलन्सच्या टोपीच्या, म्हणजे भोकाच्या खड्यावर झाकणासारख्या बसणाऱ्या सपाट, खड्यांना आणि वेगवान चाकांना. सेंटर व्हील आणि बॅरलच्या आसाला घट्ट, एचपी १३०० किंवा डी ५. पॅलेटच्या खड्यांच्या टोकाला ९४१५, तेही फक्त ठोक बसणाऱ्या पृष्ठभागावर, कणभर. चावीच्या बाजूच्या लीव्हरना ग्रीस. खड्याच्या वाटीत तेल निम्मं ते दोन-तृतीयांश भरलं की पुरे. टोपीच्या खड्यावर तेलाचा गोल ठिपका मधोमध, व्यासाच्या निम्म्याहून थोडा मोठा. तेल वाटीच्या काठावर चढलं की ते प्लेटवर पसरतं, टोकाजवळ काही उरत नाही, आणि महिन्याभरात घड्याळ दमतं. असं झालं तर वरून पुसून भागत नाही. ते चाक आणि खडा धुऊन पुन्हा तेल द्यायचं. शिलाई मशीनचं तेल नको. ते पसरतं आणि वाळून चिकट होतं.

टिकटिक चालू, काटे जागेवर

बॅलन्स जोमात, पण काटे हलत नाहीत किंवा मागे पडतात, तर कॅनन पिनियन सैल झालंय. डायल काढताना ते ओढून काढलं जातं आणि त्याची पकड जाते. काटे फिरवताना बोटाला मऊसर, सारखा विरोध जाणवायला हवा. विरोधच नसेल तर पिनियनच्या मधल्या खाचेवर पुन्हा अगदी हलकी चिमट द्यावी लागते, आत गुळगुळीत सुई ठेवून, म्हणजे भोक चपटं होत नाही. घट्ट झालं तर काटे फिरवताना घड्याळ थांबतं. बसवताना आत ग्रीसचा कण लावा.

काट्यांची टक्कर तपासायला बारा वाजता तिन्ही काटे एकावर एक आणा आणि बाजूने पाहा, प्रत्येकामध्ये उजेडाची रेघ दिसली पाहिजे. मग ३, ६, ९ वर. तासकाट्याच्या चाकावरची पातळ वॉशर राहून गेली असेल तर तासकाटा वरखाली लडबडतो.

चावी ओढली की हातात येते? सेटिंग लीव्हरचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त सैल केला गेलाय आणि लीव्हर डायलच्या बाजूला निखळलाय. डायल काढल्याशिवाय तो परत बसत नाही. चावी देताना दात घसरल्यासारखा करकराट होतो तेव्हा स्टेमवरचं सरकतं पिनियन उलटं घातलेलं असतं. त्याची तिरक्या दातांची बाजू चावीच्या पिनियनकडे तोंड करून हवी.

स्क्रूचं डोकं तुटलं तर

प्लेटमधून सगळे लोखंडी भाग काढा, एकही विसरू नका. कोमट पाण्यात तुरटीची पूड विरघळवून दाट पाणी करा आणि प्लेट त्यात बुडवा. तुरटी पोलाद खाते, पितळेला सहसा धक्का लावत नाही. स्क्रू काळा पडून भुगा व्हायला काही तासांपासून एक-दोन दिवस लागतात. पाणी कोमट ठेवलं तर लवकर. नंतर प्लेट भरपूर पाण्याने धुवा, वाळवा. प्लेटमध्ये पोलादी खुंटी किंवा पिन बसवलेली असेल तर ही पद्धत वापरू नका, तीही विरघळेल.

टाइमग्राफरवर काय बघायचं

पूर्ण चावी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजा. डायल वर ठेवून जुन्या ०२३१ चं अॅम्प्लिट्यूड (बॅलन्सच्या हेलकाव्याचा कोन) २५० अंशांच्या आसपास आलं तर समाधान मानावं. २७०च्या पुढे गेलं तर काम उत्तम झालंय. २०० च्या खाली असेल तर रेग्युलेटरला हात न लावता पुन्हा चाकांच्या चाचणीकडे जा. रेषा दोन समांतर दिसत असतील तर तो बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक, आहे. १ मिलिसेकंदाच्या आत हवा. स्टड (हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक धरणारा खिळा) हलणारा असेल तर तो किंचित सरकवून जमतो. स्टड पक्का असेल तर हेअरस्प्रिंगचा कॉलेट (तिचं आतलं टोक धरणारी कडी) फिरवावा लागतो, आणि तिथे दीड-दोन मिलिसेकंदांवर समाधान मानून पुढे जाणं नवशिक्याला जास्त हिताचं आहे. रेषा लाटेसारखी वरखाली होत असेल तर त्या लाटेचा काळ मोजा आणि वरचा ६ सेकंद, १ मिनिट असा हिशेब लावा.

डायल वर, डायल खाली आणि चावी खाली अशा तीन स्थितींत मोजून लिहून ठेवा. सपाट दोन स्थितींत मोठा फरक म्हणजे बॅलन्सच्या एका टोकाची तक्रार. सेकंदांची जुळवाजुळव या सगळ्यानंतर, सगळ्यात शेवटी.

दाता घड्याळ आणि घड्याळजी

दुसऱ्या मशीनमधून भाग घेताना पूर्ण जोडीने घ्या. बॅलन्स हेअरस्प्रिंगसकट, आणि शक्य असेल तर त्याच्या ब्रिजसकट. एकाची स्प्रिंग आणि दुसऱ्याचं चाक जोडलं तर वेळ जुळत नाही. संग्राहक ज्यांना मुंबई स्पेशल म्हणतात, म्हणजे नवी डायल छापून आणि मिळतील ते भाग घालून तयार केलेली घड्याळं, त्यांत आधीच्या हाताने केलेल्या चुका असण्याची शक्यता मोठी असते. वरच्या चाचण्या करताना सापडणारा प्रत्येक दोष तुमचाच असेल असं नाही, म्हणून अशी घड्याळं उघडण्यापूर्वीच अॅम्प्लिट्यूड मोजून ठेवावं.

बॅलन्सचा आस मोडला, खडा तडकला, पॅलेटचा खडा सरकला, या तीन कामांना खास हत्यारं आणि सरावलेला हात लागतो. घड्याळजीकडे देताना बॅलन्स ब्रिजला लटकता ठेवून पाकिटात घालू नका, प्लेटवर बसवूनच द्या. कमान उतरवलेली असू द्या. सुटे स्क्रू वेगळ्या डबीत, कुठला कुठला ते लिहून. सोबत एका चिठ्ठीवर लिहा: चाकांची चाचणी पास की नापास, पॅलेट टक्कन पलीकडे जातो की नाही, बॅलन्स एकटा किती सेकंद डुलला, कुठल्या भागाला कुठलं तेल लागलंय, आणि कुठला भाग दुसऱ्या घड्याळातून घेतलाय.